‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणताना जीभ अडखळली तर

आमच्या मंडळीत दर गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला बायकांची प्रार्थनासभा असते. मी निवृत्त शिक्षिका, त्यामुळे वाचन आणि चर्चा माझ्या गळ्यात. शेवटी सगळ्या उभ्या राहून प्रभूची प्रार्थना म्हणतो. तोंडपाठ असल्यामुळे अर्ध्या मिनिटात उरकते. मागच्या पावसाळ्यात एक तरुण मुलगी मध्येच थांबली. ‘तुझे राज्य येवो’पर्यंत आवाज होता, पुढच्या ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ या ओळीला ओठ मिटलेले. चपला घालताना माझ्याजवळ येऊन म्हणाली, “बाई, ते इच्छेचं म्हणवत नाही मला. खोटं बोलल्यासारखं वाटतं.”

मी तिला म्हटलं, “मग म्हणू नकोस. घरी जा आणि त्याला तोंडावर ‘नाही’ सांग. कसं सांगायचं ते मी लिहून देते.”

तिच्यासाठी लिहिलेलं ते दोन पानी टिपण हातोहात फिरलं आणि लांबत गेलं. मी पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही. पण देवाला नाही म्हणण्याचा चार वर्षांचा अनुभव गाठीशी आहे.

आधी बाब ठरवा

एक वही घ्या, शाळेची दोनशे पानी चालेल. दार लावून घेता येईल अशी अर्ध्या तासाची वेळ शोधा. मला पहाटेचं नळाचं पाणी भरून झाल्यावर मिळते, तुम्हाला दुपारी मिळत असेल. पहिल्या पानावर एकच ओळ लिहायची: माझं आणि देवाचं नेमकं कशावरून वाजलंय?

‘मी देवापासून दूर गेले आहे’ असलं काही लिहू नका. ते उपदेशात ठीक. बाब अशी हवी की शेजारणीलाही कळावी. माझ्या पहिल्या पानावर होतं: भावाला फोन करायचा नाही.

वडील गेले, वर्षश्राद्ध आमच्यात नसतं, पण वर्षाची स्मरणभक्ती झाली. दुसऱ्या आठवड्यात भाऊ मला दुय्यम निबंधक कार्यालयात घेऊन गेला. वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा सोडल्याचं हक्कसोडपत्र. “ताई, तुझ्या लग्नात खर्च झालाय, शाळेची नोकरी आहे, सही कर.” मी चष्मा विसरले होते. विसरले नसते तरी सही केलीच असती, कारण पाच माणसांत बहिणीनं कागद वाचायला मागणं म्हणजे संशय. दोन वर्षांत गावाशेजारून रस्ता गेला, जमिनीला भाव आला, भावानं एक तुकडा विकला. मला कळलं ते तिसऱ्याच माणसाकडून.

त्यानंतर चार वर्षं मी दर रविवारी भक्तीला गेले, गायनमंडळात उभी राहिले, उपास केले. भावाशी मात्र बोलले नाही. आणि बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं, पाचव्या अध्यायातलं ते वचन टाळत राहिले: वेदीशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, समेट कर. आमच्याकडे दानार्पणाची मखमली पिशवी बाकांवरून हातोहात येते. त्यात नोट टाकायची आणि पिशवी झटकन पुढच्या बाईकडे सरकवायची, हे मला चांगलं जमायला लागलं होतं.

ही इच्छा नक्की कोणाची, ते तपासा

ही पायरी ओलांडू नका. बायकांनी तर मुळीच नाही. ‘देवाची इच्छा’ हा शिक्का आपल्याकडे कोणीही कशावरही मारतं. नवरा मारतो, सोस, देवाची इच्छा. लेकरू गेलं, देवाची इच्छा. आपला मित्र लाजर गेला तेव्हा त्याच्या कबरेपाशी येशू रडला, तिथं त्यानं लाजराच्या बहिणींना, मार्था-मरीयेला, ‘देवाची इच्छा होती’ असं ऐकवलेलं नाही. मारहाण चालू असेल तर ही वही मिटा, 112 किंवा 181 ला फोन लावा, माहेरी जा, मैत्रिणीकडे जा. ती देवाशी झुंज नव्हे, त्या माणसाशी आहे.

माझ्या बाबतीतही दोन गोष्टींचा गुंता होता. ‘जमिनीवरचा हक्क सोडणं ही देवाची इच्छा’ असं मला भाऊबंदांपैकी एकानं सुनावलं होतं. ते खोटं. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो. विधवेला एक तृतीयांश, उरलेलं लेकरांत सारखं, मुलगा-मुलगी भेद नाही. (हे मी सातवीच्या वर्गाला नागरिकशास्त्र शिकवताना सांगू शकले असते. स्वतःच्या वेळी आठवलं नाही.) भावाशी बोलणं ही इच्छा मात्र खरी, कारण ती सांगणाऱ्या कोणाचाही त्यात एक गुंठ्याचा फायदा नव्हता. माझी कसोटी एवढीच: जो ‘देवाची इच्छा’ म्हणतोय, त्याच्या पदरात काय पडतंय?

पंडिता रमाबाईंकडे बघा. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर तिथल्याच धर्मभगिनींशी पत्रांतून वाद घातले. एका पुरोहितशाहीतून बाहेर पडले ती दुसरीचं जू मानेवर घ्यायला नाही, हा त्यांचा बाणा. ती बंडखोरी म्हणून कितीतरी जणांना खुपली. पण त्याच रमाबाईंनी पुढं सांगितलं, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. माणसांपुढं न वाकलेली ही बाई देवापुढं मात्र स्वतःची उणीव कबूल करते. या दोन वाकण्यांतला फरक वहीत लिहून ठेवा.

तुमचं ‘नाही’ कोणत्या जातीचं?

शास्त्रात नाही म्हणणारे खच्चून भरलेत. देव मोशेला मिसरातल्या गुलामीतून आपल्या लोकांना सोडवून आणायला पाठवतो, तर तो जळत्या झुडपापुढं उभा राहून पाच सबबी सांगतो: मी कोण लागून गेलो, तुझं नाव काय सांगू, ते विश्वास ठेवणार नाहीत, माझी जीभ जड, आणि शेवटी, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. देव चार सबबींना उत्तरं देतो. पाचवीला रागावतो, आणि त्या रागातच भाऊ अहरोन जोडीला देतो.

दुसरी जात मत्तय 21 मधली. बाप दोन्ही मुलांना द्राक्षमळ्यात कामाला जा म्हणतो. एक म्हणतो ‘नाही जात’, मग पस्तावून जातो. दुसरा म्हणतो ‘जातो, महाराज’, आणि जात नाही. आपल्या मंडळ्या या दुसऱ्यांनी भरलेल्या आहेत. मी गायनमंडळात उभी होते तेव्हा मीही तीच होते. त्या मुलीचे मिटलेले ओठ मला म्हणूनच आवडले. तोंडावर नाही म्हणणारा निदान बापाशी बोलत तरी असतो.

आणि मग योना. त्याच्यावर जास्त वेळ घालवा. देव त्याला निनवे शहराला इशारा द्यायला पाठवतो. निनवे पूर्वेला, तो याफो बंदरात जाऊन पश्चिमेच्या तार्शीशचं जहाज धरतो. त्यात एक बारीक तपशील आहे जो रविवारशाळेत आम्ही त्याला गिळणाऱ्या माशाच्या नादात गाळतो: त्यानं भाडं भरलं. देवापासून पळायला पदरचे पैसे लागतात.

तेव्हा वहीत एक पान ‘भाडं’ म्हणून ठेवा आणि हिशेब मांडा. माझा असा होता. भाचीचं लग्न चुकवलं. गावावरून जाणारी थेट एसटी सोडून दुसऱ्या रस्त्याची, दोनदा बदलायची गाडी धरत राहिले. चार नाताळांना आईला नगरला बोलावलं, ती चार वेळा म्हणाली “घरात पणती कोण लावणार?” आणि आली नाही. रात्री दोनला जाग यायची, तेव्हा मनात मी निबंधक कार्यालयात उभी असायची आणि या वेळी चष्मा बरोबर असायचा. हिशेब पूर्ण झाल्यावर मी तो नवऱ्याला दाखवला. त्यांनी नुसतं “एसटीचे पैसे कमी लावलेत” एवढंच म्हटलं.

योना का पळाला, हे त्याच्याच तोंडून चौथ्या अध्यायात येतं. देव कडक आहे म्हणून पळाला नाही. ‘तू दयाळू आहेस, मंदक्रोध आहेस, हे मला ठाऊक होतं, म्हणूनच पळालो.’ निनवेवाल्यांना माफी मिळेल याची त्याला धास्ती. हे वाचलं तेव्हा मी वही मिटून पाणी प्यायला उठले. भावावर देवाचं प्रेम नको, हेच तर माझं मागणं होतं. मला स्वर्गातला बाप नको होता, वकील हवा होता. आणि तो दोन्ही बाजूंचा बाप निघाला, ही माझी तक्रार.

आता ‘नाही’ मोठ्यानं म्हणा

घरच्या बोलीत. ‘हे परमकृपाळू, सर्वसमर्थ, दयाघन’ असं सुरू केलंत की पाच मिनिटांत तुम्ही सगळ्या जगासाठी आणि सरकारासाठी प्रार्थना करत असाल, आणि मूळ बाब तशीच राहील. मी म्हटलं, “मी नाही करणार फोन. त्यानं मला फसवलंय, तुला माहितीये. तू तेव्हा कुठं होतास?” पहिल्या दिवशी आवाज चढला, कुकरची शिट्टी झाली म्हणून बरं.

भीती वाटते? तेरावं स्तोत्र काढा, ‘किती काळ’ हा प्रश्न चार वेळा आहे. यिर्मया तर विसाव्या अध्यायात देवालाच म्हणतो की तू मला फसवलंस. आपण तर त्या मातीतले, जिथं जनाबाई विठोबाला शिव्या देते आणि तोच तिच्याबरोबर दळायला बसतो. देवाशी भांडायची लाज मराठी माणसाला वाटायचं कारण नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा अभंग दारात काढून ठेवला नाही, आत घेऊन आले. त्यांच्या भजनांत ख्रिस्त माउली होतो. मग माउलीशी असतं तेवढं भांडण चालायलाच हवं.

आणि गेथशेमाने, येशूला पकडलं त्या रात्रीची बाग. येशू तिथं तीनदा तेच मागणं करतो: हा प्याला टळो. आपली इच्छा वेगळी आहे हे तो लपवत नाही, आणि शेवटी बापाची इच्छा घेतो. आता हे बघा. ‘अब्बा’ (बाबा) हा घरगुती अरामी शब्द चारही शुभवर्तमानांत मिळून एकदाच येतो, मार्क 14:36 मध्ये, त्याच रात्री. डोंगरावर शांत बसलेला असताना त्याच्या तोंडून तो नोंदलेला नाही. ‘प्याला टळो’ म्हणताना आहे.

‘बाप’ शब्दच घशात अडकत असेल तर

सभेतल्या एकीचा बाप दारू पिऊन पट्ट्यानं मारायचा. तिला ‘स्वर्गीय पिता’ म्हटलं की वरूनही पट्टा दिसतो. अशांना मी सांगते, शब्द सध्या बाजूला ठेवा, होशेयाचा अकरावा अध्याय घ्या आणि फक्त पहिल्या चार ओळी वाचा. तिथं देव म्हणतो, मी एफ्राईमाला, म्हणजे आपल्या इस्राएल लोकांना, चालायला शिकवलं, त्याला हाताशी धरलं. मी त्याच्या जबड्यावरचं जू उचललं, वाकून त्याला चारलं. आपल्या बापावरून देव ओळखायला जाऊ नका. हा असा कोणी तुमच्या ओळखीत होता का, तो शोधा. तिला आजी सापडली. आजीवरून सुरू करायला काही हरकत नाही.

माझे वडील मारकुटे नव्हते, बोलके तर अजिबात नव्हते. औताला दोन बैल, हातात पराणी. पराणी आता पोरांना दाखवायलाही मिळत नाही: बांबूची लांब काठी आणि टोकाला लोखंडी आर. आमचा एक बैल, पवळ्या, अडेल होता. आर टोचली की मागं लाथ झाडायचा, आणि लाथ नेमकी आरेवरच बसायची. खुराच्या वर रक्त यायचं. मग वडील औत सोडायचे, जू उतरवायचे, जखमेला हळद-तेल लावायचे आणि त्याच्यापाशी उकिडवे बसून राहायचे. पराणी बांधाला टेकवलेली.

पौल आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करायचा. तो अग्रिप्पा राजापुढं आपली हकिगत सांगतो, तेव्हा दिमिष्काच्या वाटेवरचा येशूचा आवाज म्हणतो, ‘पराणीवर लाथ मारणं तुला कठीण.’ लहानपणापासून मी ते धमकी म्हणून ऐकत आले होते. चाळिशी ओलांडल्यावर एकदा वाचताना पवळ्याचा पाय दिसला.

लूक 15, पण उलट्या टोकानं

आठवडाभर रोज ‘नाही’ म्हणून झालं, वहीत काही पानं भरली, की लूकचा पंधरावा अध्याय 25 व्या ओवीपासून वाचा. गोष्ट अशी: धाकटा आपला वाटा मागून नेतो, उधळतो, परत येतो; बाप धावत जाऊन त्याला घेतो, मेजवानी देतो, आणि थोरला रुसून बाहेर राहतो. धाकट्या उधळ्या पोराला सध्या सोडा. चर्चमध्ये नियमित येणाऱ्यांचा अध्याय थोरल्याचा आहे, आणि वाटणीचा तर आहेच. मोशेच्या नियमानं थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे धाकट्यानं तिसरा हिस्सा नेला आणि उरलेलं सगळं थोरल्याचं. बाप ‘माझं ते सारं तुझंच’ म्हणतो ते शब्दशः खरं आहे.

पेन्सिल घेऊन तीन खुणा करा. एक: बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो. धाकट्यासाठी धावला तसाच या हट्ट्यासाठीही मेजवानी सोडून अंगणात आला. दोन: धाकटा पुनःपुन्हा ‘बाबा’ म्हणतो, थोरला एकदाही म्हणत नाही, थेट ‘बघा, इतकी वर्षं मी राबतोय’. बाप मात्र त्याला ‘बाळा’ म्हणतो. तीन: थोरला म्हणतो ‘हा तुमचा मुलगा’. बाप उत्तर देतो ‘हा तुझा भाऊ’.

तिसऱ्या खुणेशी मी अडकले. कारण चार वर्षं आईला फोनवर मी विचारायचे, “तुझा लेक काय म्हणतो?” माझा भाऊ मी माझ्या तोंडातून काढूनच टाकला होता, आणि आईनं एकदाही दुरुस्त केलं नव्हतं. वहीच्या त्या पानावर मी फक्त त्याचं घरातलं नाव लिहिलं, लहानपणचं, जे मीच ठेवलेलं.

एक पाऊल, तेही लहान

मनापासून क्षमा, डोळ्यांत पाणी, गळाभेट, असलं काही ठरवू नका. साक्षी, म्हणजे सभेत उठून सांगितलेले देवाचे अनुभव, ऐकून ऐकून आपली अशी समजूत झालीय की एका रात्रीत सगळं फिरतं. सभेत साक्ष देणारी बाई नेहमी जिंकलेलीच असते. अर्ध्यात असलेली उठतच नाही. म्हणून आमच्याकडे आता मी ‘अजून जमलेलं नाही’ अशा साक्षींना आधी बोलावते. त्या लांबतात, पण बायका झोपत नाहीत.

पाऊल असं हवं की आज संध्याकाळपर्यंत होईल. माझं पहिलं: पुढच्या वेळी थेट गाडी धरायची, गावच्या फाट्यावरून जायचं, उतरायचं नाही. गेले. खिडकीतून आमची चिंच दिसली. दुसरं: आईशी बोलताना त्याचं नाव घ्यायचं. तिसऱ्याला सात आठवडे लागले. मध्ये दोनदा पुन्हा ‘नाही’च्या पानावर परत गेले, त्यात काही बिघडत नाही. कॅथलिक असाल तर हे पापनिवेदनात फादरांना सांगता येतं. वसईची माझी मैत्रीण म्हणते, निम्मं ओझं तिथंच उतरतं. आमच्यात ती सोय नाही, आम्ही एकमेकींनाच सांगतो.

शेवटी एका शनिवारी फाट्यावर उतरले. फोन आईनं आधीच केला होता वाटतं, भाऊ मोटारसायकल घेऊन उभा. “इतक्या उशिराची गाडी का धरली?” एवढंच बोलला. घरी वहिनीनं भुईमुगाच्या शेंगांचं घमेलं पुढं ठेवलं, आम्ही तिघं फोडत बसलो. टरफलांचा ढीग बराच झाल्यावर मी म्हटलं, “कागद वाचू दिला नाहीस, ते चुकलं तुझं.” तो मान खाली घालून फोडत राहिला. मग म्हणाला, “हो.” पैशाचं काही निघालं नाही, त्यानंही काढलं नाही, आणि मला ते अजून टोचतं. आई आतून ओरडली, दाणे खाऊ नका, कुटाला लागायचेत.

हक्कसोडपत्राची प्रत अजून माझ्या ट्रंकेत आहे. ती फाडून टाक, असं वरून अजून तरी काही आलेलं नाही. आलं, तर आधी वहीत ‘नाही’ लिहीन.